खारीला विष घालून परडं राखता येत नाही



जोतिबाची यात्रा झाली, ऊन तापलं, आंब्याला पाड लागायची वेळ आली आणि दरसालचा प्रश्न पुन्हा आला. "परड्यातली पपई खारीनं खाल्ली. पेरू खाल्ला. ड्रिपची नळी कुरतडली. कायतरी औषध सांगा." या आठवड्यात पाच जणांनी मला हेच विचारलं. त्यातल्या दोघांनी तर औषध आधीच ठरवलं होतं. पिकल्या फळात थिमेट घालून फळ फांदीला लटकवायचं. मोबाईलवर हा उपाय फिरतोय आणि खाली लिहिलेलं असतंय, 'शंभर टक्के खात्रीशीर'.

माझं उत्तर आधीच सांगतो, मग खाली कारणं वाचा. खारीसाठी विष घालू नका. थिमेट नको, उंदराची वडी नको, गम पॅड पण नको. हे मी भूतदयेपोटी सांगत नाही. भूतदया असली तर चांगलंच, पण जिची वर्षभर जपलेली पपई गेलीय त्या मावशीला प्रवचन दिलं तर ती ऐकणार नाही, आणि तिनं का ऐकावं? मी शेतकऱ्याच्या हिशेबानं बोलतोय. विषानं खार कमी होत नाही, फळ वाचत नाही, आणि जी मरायला नकोत तीच मरतात.

आधी 'औषध' या शब्दाचं बघू

आपल्याकडं दुकानातून आणलेल्या प्रत्येक बाटलीला आणि पुडीला औषध म्हणायची सवय आहे. तणाचं औषध, अळीचं औषध, उंदराचं औषध. औषध म्हटलं की हात कापत नाही. विष म्हणा, मग बघा किती जण ते उघड्या हातानं कालवतात.

थिमेट म्हणजे फोरेट. हुमणीसाठी आपण ते वर्षानुवर्षं उसाच्या सरीत टाकलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ते सगळ्यात घातक गटात बसतं. नुसतं पोटातून नाही, कातडीतूनही अंगात जातं. भारतात त्याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. तरीपण कुणाच्या गोठ्याच्या माळ्यावर जुना डबा असतोय, कुणाला कुठून तरी मिळतंय. जे विष रानात, उसाच्या सरीत टाकायला सरकारनं बंद केलं, ते आपण स्वयंपाकघराच्या मागच्या दारी टांगायचं? ते पण फळात? गावातल्या कुठल्या पोराला पिकलेलं फळ दिसल्यावर हात आवरतो, मला सांगा.

दुसरं आहे जिंक फॉस्फाईड, उंदरासाठीची काळी पूड. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. त्यावर उतारा नाही. दवाखान्यात नेलं तरी डॉक्टर फक्त बाकीचे उपचार करत बसतात.

तिसरी ती निळी-हिरवी वडी, ब्रोमाडिओलोन. ती रक्त गोठायचं बंद करते. जनावर लगेच मरत नाही, काही दिवस फिरत राहतं, सुस्त होतं. सुस्त झालेला उंदीर मांजराला आणि घुबडाला सोपा सापडतो. मग ते विष त्यांच्या पोटात. आपल्या उसात आणि भुईमुगात उंदीर धरणारं गव्हाणी घुबड असं जातं. म्हणजे खारीच्या रागापायी आपण उंदराच्या राखणदाराला मारतो आणि पुढच्या साली उंदीर वाढला म्हणून आणखी वड्या आणतो.

उंदराचं विष खारीला का चालत नाही

हा मुद्दा नीट समजून घ्या, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही.

उंदीर रात्री फिरतो. म्हणून उंदराचं आमिष संध्याकाळी ठेवायचं, शक्यतो बिळात किंवा पाईपच्या तुकड्यात, आणि सकाळी उरलेलं उचलून पुरायचं. जिंक फॉस्फाईड वापरायचं झालं तर आधी दोन-तीन दिवस बिनविषाचं आमिष टाकून उंदराला सवय लावायची, ही जुनी शिफारस आहे. या सगळ्यात एक शहाणपण आहे. रात्री कोंबड्या खुराड्यात असतात, पोरं झोपलेली असतात, आणि बिळात पोराचा हात जात नाही.

खार फिरते दिवसा. दिवस उगवल्यावर बाहेर, मावळताना आत. तिच्यासाठी विष ठेवायचं म्हणजे भर दिवसा, उघड्यावर, झाडावर किंवा भिंतीवर. त्याच वेळी कोंबड्या परड्यात उकरत असतात, कुत्रं हुंगत असतं, पोपट-साळुंख्या फळावर असतात, शेजारची शेरडं कुंपणातून तोंड घालतात आणि उन्हाळ्याची सुट्टी लागलेली पोरं दिवसभर तिथंच असतात. उंदराच्या विषाला ज्या चार कड्या लावलेल्या आहेत, त्या खारीपाशी आल्यावर सगळ्या निघून जातात.

आता शाळेत, अंगणवाडीत परसबागा झाल्यात. बचत गटाच्या बायका घराभोवती पोषण परसबाग करतायत. चांगलं काम आहे. पण तिथं पण खार येणारच, आणि तिथं पण कुणीतरी 'खात्रीशीर' उपाय घेऊन येणारच. शाळेच्या बागेत विषाचं फळ ही गोष्ट मनात आणून बघा. म्हणून हे आज लिहितोय.

गम पॅडबद्दल पण बोलतो. त्यात विष नाही म्हणून काही जण ते बरं समजतात. त्यावर चिकटलेली खार तास न् तास तडफडते, आणि तिच्याबरोबर पाल, सरडा, चिमणी, कधी कोंबडीचं पिल्लू. जिवंत चिकटलेल्या जनावराचं पुढं काय करायचं ते कुणाला माहीत नसतं. घरातली सगळी एकमेकांकडं बघत बसतात.

चोर कोण, ते आधी ठरवा

खार दिवसा दिसते. शेपूट उडवते, चिटचिट ओरडते, फळ दोन्ही हातात धरून आपल्यासमोर बसून खाते. त्यामुळं परड्यातल्या प्रत्येक चोरीचा गुन्हा तिच्या नावावर लागतो. जो दिसतो तो चोर, असा न्याय झालाय. पण नुकसान बघून बरंच कळतं.

संध्याकाळी फळ धड होतं आणि सकाळी कुरतडलेलं दिसलं, तर ते खारीचं काम नाही. रात्री खार झोपलेली असते. तो उंदीर, नाहीतर वटवाघूळ.

झाडाखाली चोथा पडलाय, चावून रस काढून थुंकलेला, आणि बिया भलत्याच झाडाखाली सापडतायत, तर वटवाघूळ. ते फळ घेऊन दुसरीकडं जाऊन खातं.

फळात चोचीनं पाडलेली खोल, टोकदार भोकं आहेत, तर पाखरू. पोपट तर खातो थोडं आणि खाली पाडतो जास्त.

नारळाची कवळी फळं देठापाशी भोक पडून गळतायत, तर पहिला संशय झाडावरच्या उंदरावर घ्या. उंदीर शेंड्यातच घर करून राहतो. लोक खाली बसून खारीला शिव्या देतात आणि तो वर आरामात असतो.

रताळं, सुरण, भुईमूग जमिनीतून पोखरून नेलाय, तर घूस नाहीतर उंदीर. खार जमिनीत बीळ करून राहत नाही.

मग खारीचं काय? दिवसाढवळ्या, फळ पिकायला लागल्यावर, बारीक दातांच्या जोडीच्या खुणा सोडून कुरतडलेलं फळ. टोकलेलं भुईमुगाचं आणि मक्याचं बी उकरून नेलेलं. वाळवणातले शेंगदाणे. आणि उन्हाळ्यात कुरतडलेली ड्रिपची नळी. एवढ्या गोष्टींना ती जबाबदार आहे, आणि मी तिची वकिली करणार नाही. पाखरांची अंडी पण ती खाते. ती काय साधू नाही. पण जे तिनं केलं नाही त्याची शिक्षा तिला दिली तर खरा चोर मोकळा राहतो आणि नुकसान चालूच राहतं.

आठ दिवस एक वही घ्या. रोज सकाळी उजाडताना आणि रोज संध्याकाळी दिवस मावळताना परड्यात एक चक्कर मारा. कुठलं फळ कधी गेलं ते लिहा. रात्रीचं किती, दिवसाचं किती. आठ दिवसांनी ती वही बघा आणि मग ठरवा खारीवर किती रागवायचं.

मारून संपतात का?

धरा, तुम्ही चार खारी मारल्या. पुढं काय होतं? परड्यातली पपई तशीच आहे, पेरू तसाच आहे, घराच्या पाख्यातली घर करायची जागा तशीच आहे. जागा रिकामी झाली की शेजारच्या आंब्यावरची खार येते. मादी साधारण सव्वा महिन्यात पिल्लं देते, एका वेळी दोन-तीन. खाणं आणि जागा आहे तोवर येणाऱ्यांची रांग संपत नाही. सगळ्या गावानं मिळून विष घातलं तरी गावाबाहेरच्या झाडांवरून येतीलच.

आणि जी मेली तिची पिल्लं कौलाखाली नाहीतर पीओपीच्या आत असतील, तर ती तिथंच मरतात. मग चार दिवस घरात वास, आणि कुठून येतोय ते सापडत नाही. ज्यांनी हे भोगलंय ते पुन्हा वडी ठेवत नाहीत.

मोठ्या पातळीवर पण हा प्रयोग होऊन गेलाय. इंग्लंडात १८७६ च्या सुमारास अमेरिकेतली करडी खार हौसेनं आणून सोडली. ती एवढी पसरली की तिथली मूळची तांबडी खार बऱ्याच भागातून गेली आणि झाडांच्या साली सोलून लाकडाचं नुकसान व्हायला लागलं. मग सरकारनं १९५३ पासून खारीच्या शेपटीमागं शिलिंगचं बक्षीस लावलं. लोकांनी बंदुका काढल्या, शेपट्यांचे ढीग लागले. १९५८ साली ती योजना गुंडाळली, कारण खार काही हटली नाही. आजही तिथं करडी खार लाखोंनी आहे. ती तर परकी खार होती आणि सरकारचा पैसा होता. आपली खार इथलीच आहे, आणि आपल्याकडं आहे एक विषाची पुडी.

ती परड्यात का आली, हे कुणी विचारत नाही

आता जरा कडू बोलतो. 'हल्ली खारी लई वाढल्यात' असं सगळे म्हणतात. वाढल्यात का एका जागी गोळा झाल्यात, हे बघायला पाहिजे.

माझ्या लहानपणी बांधावर काय होतं ते आठवा. बोर, बाभूळ, जांभूळ, उंबर, करंज, एखादा गावठी आंबा, चिंच. आज करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल, कुठंही जावा. ऊस बांधाला भिडलाय. बांध पण ट्रॅक्टरच्या फाळानं दरसाल वीतभर खाल्ला जातोय. सावली पडते म्हणून झाड तोडलं, मशीनला अडचण म्हणून झाड तोडलं, भावाभावाच्या वादात झाड तोडलं. रस्ता रुंद करताना रस्त्याकडची जुनी झाडं गेली ती वेगळीच. उसाच्या फडात खारीला खायला काय आहे? काही नाही. मैलभर हिरवंगार, आणि त्यात एक फळ नाही.

मग फळ कुठं उरलं? आपल्या परड्यात. शंभर एकर उसाच्या मधोमध चार घरं, आणि त्या चार घरांमागं दोन पपया, एक पेरू, एक चिकू. सगळी दुकानं बंद करून एक उघडं ठेवलं तर गर्दी कुठं होणार? आणि गर्दी झाली म्हणून गिऱ्हाईकाला विष द्यायचं?

गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडकडची मंडळी म्हणतील, आमच्याकडं झाडं आहेत तरी खार येते. येते, मान्य. पण तुमच्याकडं गवा येतो, हत्ती येतो, वानर येतात, आणि त्यांच्यापुढं खारीचं नाव तुम्ही शेवटी घेता. नुकसानीचा हिशेब करणारा माणूस खारीपासून सुरुवात करत नाही.

मग करायचं काय

आता कामाचं. पैसे कमी लागतात तिथून सुरू करतो.

*एक, वेळेवर काढणी.* परड्यातलं निम्मं नुकसान आपण फळ झाडावर पिकू देतो म्हणून होतं. पपईवर पिवळी रेघ दिसली की काढा, घरात पिकते. चिकू तर झाडावर पिकवायचाच नसतो. आंब्याला पाड लागला की उतरवा आणि अढी घाला. सीताफळाचे डोळे उघडले, मधल्या भेगा पिवळसर दिसल्या, की तोडा. केळीच्या घडाच्या शिरा भरल्या, गोलाई आली, की घड घरात. केरळ-कर्नाटकात नारळ-सुपारीच्या बागेत कोको लावतात, तिथं खारीचा त्रास मोठा असतो. तिथंही सांगतात ते हेच, की पिकलेली फळं झाडावर ठेवू नका. खारीला वास पिकल्या फळाचा येतो. तिच्या आधी आपला हात पोचला पाहिजे.

*दोन, खाली पडलेलं उचला.* सडकं फळ, सांडलेले दाणे, कोंबड्यांचं उरलेलं खाद्य, उघडं वाळवण. हे सगळं खारीलाच नाही, उंदराला पण आवतण आहे. संध्याकाळी पाच मिनिटं झाडून घ्या.

*तीन, फळाला पिशवी.* पेरूला फोमची जाळी आणि वर पिशवी आता सगळ्यांना माहीत आहे. फळमाशी पण अडते. आंबा अंड्याएवढा झाला की कागदी पिशवी घालायची पद्धत कोकणात आहे, परड्यातल्या एका झाडाला खालच्या फांद्यांपुरती सहज होते. कागद आणि कापड खार फाडू शकते, हे पण सांगतो. जिथं फाडते तिथं निवडक फळांना अर्धा इंची लोखंडी जाळीचा डबा करून बसवा. एकदा केलेला पाच-सात वर्षं टिकतो. सगळ्या झाडाला नाही, ज्या दहा फळांवर तुमचा जीव आहे त्यांना.

नायलॉनची जुनी मच्छीजाळी झाडावर टाकू नका. त्यात धामण अडकून मरते. धामण गेली की उंदीर वाढला, परत तेच चक्र.

*चार, वाट तोडा.* खार उडत नाही, तिला वाट लागते. पपईला टेकलेली आंब्याची फांदी, पत्र्यावर आलेला शेवगा, नारळाला लागलेली केबल. एवढं छाटा. नारळाला जमिनीपासून सहा-सात फुटांवर हातभर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळला तर उंदीर पण चढत नाही आणि खार पण. पण शेजारच्या झाडाची झावळी झावळीला लागत असेल तर पत्रा फुकट गेला. पत्रा मारायच्या आधी मान वर करून बघा.

*पाच, बी झाका.* भुईमूग, मका, वाल टोकल्यावर पहिले आठ-दहा दिवस धोक्याचे. वाफ्यावर बोराटी पसरा, नाहीतर जुनी जाळी दगडानं दाबून टाका. कोंब वर येऊन दोन पानं फुटली की काढा. आपल्या आज्ज्या हेच करत होत्या.

*सहा, पाणी.* एप्रिल-मे मध्ये खार ड्रिपची नळी खायला कुरतडत नाही, पाण्यासाठी कुरतडते. परड्याच्या कडेला, नळ्यांपासून लांब, पसरट भांड्यात पाणी ठेवा. रोज बदला, नाहीतर डास होतात. माझ्या पाहण्यात यानं नळ्या कुरतडायचं पुष्कळ कमी होतं. नळी मातीत दोन बोटं गाडता आली तर आणखी चांगलं.

*सात, तिखट.* मिरचीचा तिखटपणा पाखरांना लागत नाही, खारीला-उंदराला लागतो, हे खरं आहे. संकेश्वरी मिरचीचं पाणी, त्यात साबणाचा थेंब, असं फवारलं तर दोन-चार दिवस फरक पडतो. पाऊस आला, दव पडलं, की गेलं. आणि चार महिने पाऊस पडणाऱ्या आपल्या भागात यावर विसंबून राहू नका. काढणीच्या तोंडावर खायच्या फळावर तर फवारूच नका, घरातली पोरंच रडतील.

*आठ, घराची भोकं.* पाख्यात, कौलाखाली खार घर करत असेल तर भोक बुजवा, पण आत पिल्लं नाहीत हे बघून. पिल्लं बाहेर पडेपर्यंत दोन-अडीच महिने दम धरा. मग जाळी मारा.

आवाज करणारी यंत्रं, चकाकणाऱ्या सीडी, प्लास्टिकचं घुबड, हे पहिले चार दिवस चालतं. पाचव्या दिवशी खार त्याच घुबडावर बसते. पैसे घालवू नका.

पिंजऱ्यात धरून सोडून येणाऱ्यांसाठी

काही जण म्हणतात, आम्ही मारत नाही, पिंजऱ्यात धरून राधानगरीच्या जंगलात सोडून येतो. मन चांगलं आहे, पण काम चुकीचं आहे. राधानगरी-दाजीपूरचं अभयारण्य १९५८ पासून राखलेलं आहे. तिथं शेकरू आहे, आपल्या राज्याचा प्राणी. जंगलातल्या खारींची तिथं आपापली झाडं ठरलेली असतात. गावातली खार तिथं टाकली तर तिला ना घर ठाऊक, ना खाणं. आणि तुमच्या परड्यात पुढच्या आठवड्यात दुसरी येतेच.

शिवाय कायद्याचं पण बघा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' म्हणजे नुसती बंदूक नाही. विष घालणं, सापळा लावणं, धरणं, सगळं त्यात येतं. जुन्या कायद्यात उपद्रवी म्हणून उंदीर, कावळा, फळं खाणारं वटवाघूळ यांची वेगळी अनुसूची होती. खार त्यात कधीच नव्हती. पाच पट्ट्यांची खार तर संरक्षित प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीनं अनुसूच्यांची मांडणी बदलली, पण विष घालायची मोकळीक कुणाला मिळालेली नाही. शंका असेल तर आधी वनरक्षकाला विचारा, मग पिंजऱ्याला हात लावा.

"तुझं ठीक आहे, आमचं पोट आहे त्यावर"

हा आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. ज्याची रोपवाटिका आहे, ज्याच्या बागेतला माल बाजारात जातो, त्याला खारीचं नुकसान हौसेचं वाटत नाही. त्याला मी एकच सांगतो, आधी आकडा काढा. धरा, तुमच्या परड्यातल्या दहा पपया खारीनं नासवल्या आणि एकीला तीस रुपये धरले. तीनशे रुपये. आता विषाच्या बाजूला लिहा: पुडीचे पैसे, एक राखणीचं कुत्रं, चार अंड्यावरच्या कोंबड्या, आणि एक न लिहिता येणारी ओळ, घरातलं पोर. कुठल्या बाजूला तागडी झुकते, ते मी सांगायची गरज नाही.

मोठी बाग असेल तर जाळी, पिशव्या आणि राखण हा लागवडीच्या खर्चातलाच भाग धरा, जसा आपण कुंपणाचा धरतो. खारीसाठी पंचनामा करायला कुणी येत नाही, म्हणून खर्च आपल्यालाच आधी धरावा लागतो.

आणि थोडं जाणारच. 'खारीचा वाटा' हा शब्द आपण सत्कारात, देणगीच्या पावतीवर, भाषणात वापरतो. रामाच्या सेतूला वाळूचे कण नेणारी खार आपल्याला गोड लागते, पाठीवरची बोटं पोरांना दाखवतो. आणि तीच परड्यात आली की केळ्यात विष. जोंधळ्याची पहिली कणसं देवळात पाखरांसाठी टांगणारी माणसं आपण. एका झाडाची वरची चार फळं तिच्या नावानं सोडली तर कुणी भिकेला लागत नाही. वरची फळं तशीही आपल्या हाताला येत नाहीत.

कृषीवाल्यांना आणि दुकानदारांना

कृषी सहायक, कृषी महाविद्यालयाची पोरं, शास्त्रज्ञ पण हे पान वाचतात, म्हणून त्यांच्याशी थेट बोलतो. उंदीर नियंत्रणाची पत्रकं आपण दरसाल वाटतो. त्यात एक ओळ वाढवा: 'हे विष खार, पाखरू किंवा इतर कुठल्याही जनावरासाठी वापरू नये.' परसबागेचं प्रशिक्षण देताना बियाणांचं पाकीट देतो, गांडूळखत सांगतो, पण पिकलं की कोण खायला येणार आणि तेव्हा काय करायचं, ते सांगत नाही. ती जागा मोकळी राहते आणि तिथं मोबाईलवरचा 'खात्रीशीर' उपाय शिरतो. शेतीशाळेत एक तास यासाठी ठेवा. चोर कसा ओळखायचा एवढं जरी दाखवलंत तरी पुष्कळ झालं.

दुकानदार मंडळी, गिऱ्हाईक 'खारीसाठी कायतरी द्या' म्हणालं तर उंदराची वडी पुढं सरकवू नका. लेबल वाचा. ज्याच्यासाठी नोंदणी आहे त्याचंच नाव तिथं छापलेलं असतं, आणि खारीचं नाव नसतं. तुमची दहा-वीस रुपयांची विक्री होते आणि भोग परड्यातले सगळे भोगतात. त्या गिऱ्हाइकाला अर्ध्या इंचाची जाळी विका, पेरूच्या पिशव्या विका. त्यात तुमचाही धंदा जास्त होतो.

या पावसाळ्यात आणखी एक काम करूया. ज्याला शक्य आहे त्यानं बांधाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीपाशी, विहिरीच्या कडेला एक उंबर, एक जांभूळ, एक बोर लावायचं. ऊस तीन सरी कमी झाला तरी चालेल अशी जागा प्रत्येकाच्या रानात असते, फक्त मनात नसते. झाड मोठं व्हायला पाच-सात वर्षं लागतील. तोवर परड्यात पिशव्या आणि जाळ्या.

ज्यांच्या माळ्यावर जुनं थिमेट पडलंय त्यांनी ते नदीत, ओढ्यात, उकिरड्यात टाकू नका. हातमोजे घालून डबा बंद करा, पोरांच्या हाताला येणार नाही असा कुलपात ठेवा आणि तालुका कृषी कार्यालयात विल्हेवाटीचं विचारा. हे काम मात्र आजच करा, खार आली काय आणि न आली काय.

पटलं तर शेजाऱ्याला वाचून दाखवा. नाही पटलं तर भांडायला या, पण आठ दिवसांची वही बरोबर आणा.